खेळाडू निवडीतील वय आणि पार्श्वभूमी

व्यावसायिक खेळात नवोदित खेळाडूची निवड होते त्या वेळचे त्याचे वय आणि त्याची सामाजिक, आर्थिक व भौगोलिक पार्श्वभूमी यांचा त्याच्या पुढील यशाशी कोणता संबंध असतो, हा क्रीडाशास्त्र आणि क्रीडा-अर्थशास्त्र यांतील अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या (एनबीए) वार्षिक ड्राफ्टच्या संदर्भात या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली आहे. भारतात इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल), प्रो कबड्डी लीग आणि अल्टिमेट खो-खो या स्पर्धांमुळे तो महत्त्वाचा ठरला. महाराष्ट्रातील लातूर, नांदेड आणि लगतच्या मराठवाड्यात या प्रश्नाला स्थानिक परिमाण आहे. तेथे अनेक खेळाडूंचे पद्धतशीर प्रशिक्षण उशिरा सुरू होते, तर निवडीच्या बहुतेक टप्प्यांवरील वयोमर्यादा लवकर संपतात.

संकल्पना

निवड करणारा संघ दोन गोष्टींचा अंदाज बांधत असतो: खेळाडूची आजची कामगिरी आणि तिच्यात पुढे होऊ शकणारी वाढ. समान कामगिरी करणाऱ्या १९ आणि २२ वर्षांच्या दोन खेळाडूंपैकी लहान खेळाडूत वाढीला अधिक वाव असल्याचे मानले जाते. त्यामुळे वय हा निवडीतील एक स्वतंत्र निकष ठरतो.

मात्र जन्मापासून मोजलेले वय आणि प्रशिक्षणाचे वय या भिन्न गोष्टी आहेत. खेळाचे नियमित व शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झाल्यापासून लोटलेल्या काळाला प्रशिक्षणवय म्हणतात. सातव्या वर्षी अकादमीत दाखल झालेला १९ वर्षांचा खेळाडू बारा वर्षे शिकलेला असतो, तर सोळाव्या वर्षी मैदानावर आलेला त्याच वयाचा खेळाडू केवळ तीन वर्षे. दोघांची कामगिरी सारखी असल्यास दुसऱ्याची प्रगती अधिक वेगाने झालेली असते. जन्मवय कागदावर दिसते, प्रशिक्षणवय पार्श्वभूमीची चौकशी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून वय आणि पार्श्वभूमी या घटकांचा विचार एकत्र करावा लागतो.

एनबीए ड्राफ्टमधील अनुभव

एनबीएच्या ड्राफ्टमध्ये संघ दोन फेऱ्यांत नवोदित खेळाडूंची क्रमाने निवड करतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून शालेय शिक्षण संपताच ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्यांची संख्या वाढली. केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये पाचव्या क्रमांकावर, तर कोबी ब्रायंट १९९६ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. २००५ च्या करारानुसार किमान वयोमर्यादा १९ वर्षे करण्यात आली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली.

पहिल्या फेरीतील खेळाडूंना मिळणारा नवोदितांचा करार चार वर्षांपर्यंत चालू शकतो. १९व्या वर्षी निवडलेला खेळाडू या करारानंतर २३ वर्षांचा असतो, तर २२व्या वर्षी निवडलेला २६ वर्षांचा. खेळाडूच्या उमेदीची वर्षे आपल्याकडे राहावीत म्हणूनही संघ लहान वयाला पसंती देतात.

तरुण वयात निवडले गेलेले खेळाडू सरासरीने अधिक यशस्वी ठरतात, हे निरीक्षण सामान्यतः मान्य आहे. त्यावरून वय हेच यशाचे कारण असल्याचे मात्र सिद्ध होत नाही. सर्वाधिक गुणवान खेळाडू संधी मिळताच ड्राफ्टमध्ये उतरतात, त्यामुळे चार वर्षे महाविद्यालयात राहिलेल्यांचा गट आधीच गाळलेला असतो. या गटातूनही डेमियन लिलार्ड (२०१२, सहावा क्रमांक) आणि ड्रेमंड ग्रीन (२०१२, पस्तिसावा क्रमांक) हे यशस्वी खेळाडू आले. उलट, एका वर्षाच्या महाविद्यालयीन खेळानंतर २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांतच एनबीएबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये ग्रीसच्या दुय्यम स्तरावरील स्पर्धेत खेळणारा यानिस आंतेतोकूंपो पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅमेरूनचा जोएल एम्बीड पंधराव्या वर्षानंतर बास्केटबॉलकडे वळला होता.

बास्केटबॉल हा गरीब वस्त्यांतील मुलांना वर आणणारा खेळ आहे, अशी लोकप्रिय समजूत आहे. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार अमेरिकेत तुलनेने सधन परिसरात जन्मलेल्या मुलांना एनबीएपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. पोषण, स्थिर कुटुंब आणि प्रशिक्षकांशी संपर्क यांचा त्यात वाटा असतो. स्टीफन करी आणि क्ले थॉम्प्सन यांचे वडील एनबीए खेळाडू होते.

निवडीचा क्रमही पुढील संधींवर परिणाम करतो. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना, मैदानावरील कामगिरी विचारात घेतल्यानंतरही, अधिक वेळ खेळवले जाते. संघ आपल्या आधीच्या गुंतवणुकीला चिकटून राहतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सापेक्ष वय आणि जन्मस्थान

एकाच वयोगटात आधार तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलापेक्षा जवळपास एक वर्षाने मोठा असतो. शरीराने पुढे असल्यामुळे त्याची निवड होते आणि निवडीमुळे त्याला अधिक प्रशिक्षण मिळते. याला सापेक्ष वय परिणाम म्हणतात. रॉजर बार्नस्ले व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातील आइस हॉकीच्या संदर्भात तो मांडला. रॉबर्ट डीनर व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले आइस हॉकीपटू ड्राफ्टमध्ये त्यांच्या प्रत्यक्ष योग्यतेपेक्षा उशिरा निवडले गेल्याचे आढळले.

ज्याँ कोते व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जन्मस्थानाचा परिणाम मांडला. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंमध्ये पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत जन्मलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. मोकळी जागा, मुक्तपणे खेळण्याची संधी आणि लहान समाजातील प्रोत्साहन ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात.

भारतातील निवडव्यवस्था

एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय खेळाडू पंजाबमधील बल्लो के या गावचा सतनाम सिंग होय. लुधियाना येथील अकादमीतून तो २०१० मध्ये अमेरिकेत प्रशिक्षणासाठी गेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, परंतु एनबीएच्या नियमित हंगामातील सामना त्याला खेळता आला नाही. त्याची उंची सात फुटांहून अधिक होती, मात्र अमेरिकन मुलांना लहानपणापासून मिळणारा स्पर्धेचा सराव त्याला चौदाव्या वर्षानंतर मिळाला होता.

भारतातील बहुतेक लीग लिलावाची पद्धत वापरतात. अल्टिमेट खो-खोने २०२२ च्या पहिल्या हंगामासाठी ड्राफ्टची पद्धत स्वीकारली. हा हंगाम पुण्यातील बालेवाडी येथे झाला. या स्पर्धेत चमकलेला रामजी कश्यप सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा आहे. खो-खोची जुनी परंपरा असलेल्या या गावाचे उदाहरण कोते यांच्या निष्कर्षाशी जुळते: गाव लहान असले तरी तेथे चालते मैदान असल्यास मूल लवकर खेळू लागते.

वय आणि यश यांचा संबंध सरळ नसल्याचे आयपीएलमध्ये दोन्ही टोकांना दिसते. मुंबईचा प्रवीण तांबे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सकडून वयाच्या ४१व्या वर्षी पदार्पण करता झाला आणि २०१४ मध्ये त्याने हॅट्‌ट्रिक नोंदवली. याच संघाने २०२४ च्या लिलावात १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला घेतले आणि २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक केले.

लातूर, नांदेड आणि मराठवाडा

निवडीचे टप्पे

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा क्रमाने होतात. लातूर आणि नांदेड हे जिल्हे लातूर विभागात येतात. वयोगटासाठी १ जानेवारी ही आधार तारीख धरली जाते, तर भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १ सप्टेंबर ही तारीख वापरते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये जन्मलेला मुलगा शालेय कबड्डीत आपल्या गटातील लहान आणि क्रिकेटमध्ये मोठ्यांपैकी एक ठरतो.

क्रिकेटमध्ये मराठवाडा पुणे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. लातूरहून पुणे तीनशे, तर नांदेडहून चारशे किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे. निवड चाचणीसाठी प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या पालकाचा बुडालेला रोज हा खर्च कुटुंबाला करावा लागतो. चाचणीला कोण पोहोचतो, हे काही अंशी येथेच ठरते.

अकरावी-बारावीचा काळ

लातूर आणि नांदेड ही राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीची प्रमुख केंद्रे आहेत. शिक्षणातील 'लातूर पॅटर्न' राज्यभर परिचित आहे. या तयारीचे वय १५ ते १८ असते आणि बहुतेक खेळांत कनिष्ठ गटातील निर्णायक निवडही याच काळात होते. दहावीपर्यंत जिल्हास्तरावर खेळलेली अनेक मुले अकरावीत शिकवणीमुळे मैदान सोडतात. क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण यांमुळे खेळाला काही संरक्षण मिळते, परंतु त्यांचा लाभ विहित स्तरापर्यंत पोहोचलेल्यांनाच होतो.

महाविद्यालयीन स्पर्धा हा दुसरा दरवाजा आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांत पंचविशीपर्यंत खेळता येत असल्याने शालेय वयात निसटलेल्या खेळाडूंना पुन्हा संधी मिळते. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल थेट ड्राफ्टशी जोडलेले आहे. भारतात विद्यापीठीय स्पर्धा आणि व्यावसायिक लीग यांच्यात तशी नियमित जोडणी नाही.

तालमीची परंपरा

कुस्तीमध्ये या भागाने लीगच्या आधीपासून स्वतःची निवडव्यवस्था उभी केली. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार यांनी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत सराव केला, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आणि पुढे पुण्यात वस्ताद म्हणून अनेक मल्ल घडवले. लातूर जिल्ह्यातील काका पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यांनीही पुण्यात प्रशिक्षण केंद्र चालवले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे या दोघांच्या मार्गदर्शनाखाली घडला. त्याचे वडीलही पैलवान होते. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

तालमीत वस्ताद मुलाला वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर वाढताना पाहतो, त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीपेक्षा त्याला प्रगतीचा वेग अधिक चांगला कळतो. खुराकाचा खर्च मात्र घराला पेलावा लागतो. पुण्या-कोल्हापूरकडे जावे लागणे ही या परंपरेची मर्यादाही आहे.

लवकर आणि उशिरा मिळालेले यश

जालन्याचा विजय झोल याने २०११ मध्ये कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. त्याने रणजी पदार्पणात द्विशतक झळकावले आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. त्या संघातील संजू सॅमसन, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव पुढे भारताच्या वरिष्ठ संघात आले. झोलला तशी संधी मिळाली नाही. कनिष्ठ गटातील उच्च स्थान ही वरिष्ठ यशाची हमी नसते, याचे हे उदाहरण आहे.

याउलट बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे शालेय वयात नामांकित धावपटू नव्हता. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, तेथे धावण्याकडे वळला आणि त्यानंतर ३००० मीटर स्टीपलचेस हा प्रकार निवडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह त्याने रौप्यपदक जिंकले आणि हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १९ वर्षांखालील गटात पारख होणाऱ्या व्यवस्थेत तो दिसलाच नसता.

नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव तिशी ओलांडल्यानंतर पॅरा-ॲथलेटिक्सकडे वळल्या. गोळाफेकीत त्यांनी टोकियो व पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भाग घेतला. पॅरिस येथील उद्‌घाटन सोहळ्यात सुमित अंतिल याच्यासह त्या भारताच्या ध्वजवाहक होत्या.

धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अल्टिमेट खो-खो ही पुरुषांची स्पर्धा असल्याने त्यांच्या पिढीतील महिला खेळाडूंसमोर ड्राफ्टचा मार्गच नव्हता. पार्श्वभूमीत लिंग हाही घटक असतो, हे त्यातून स्पष्ट होते.

वयाची नोंद

ग्रामीण महाराष्ट्रात जन्मतारीख निश्चित माहीत नसल्यास शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे जुन्या शालेय नोंदींवरून सापेक्ष वय परिणाम मोजणे कठीण ठरते. खेळाडूच्या बाबतीत अशी नोंद कधी लाभाची, तर कधी नुकसानीची ठरते. कनिष्ठ क्रिकेटमध्ये डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवण्याची टीडब्ल्यू-३ पद्धत वापरली जाते. ती शरीराच्या परिपक्वतेचा अंदाज देते, जन्मतारीख सांगत नाही. लवकर वयात येणारा मुलगा खऱ्या कागदपत्रांसह असूनही तीत मोठा ठरू शकतो.

निष्कर्षांच्या मर्यादा

सरासरीवरून काढलेले निष्कर्ष एका खेळाडूला लागू करता येत नाहीत. खेळानुसार उमेदीचे वयही बदलते: जिम्नॅस्टिक्समध्ये ते लवकर येते, लांब पल्ल्याच्या धावण्यात उशिरा. तसेच यशाची व्याख्या सर्वत्र सारखी नाही. अमेरिकेतील अभ्यासात ती खेळलेले सामने आणि मिळालेले करार यांवर मोजली जाते, तर लातूर-नांदेडच्या खेळाडूसाठी पोलीस, सैन्य किंवा रेल्वेतील कायम नोकरी हेही व्यावसायिक यश असते.

या मर्यादा लक्षात घेऊन अभ्यासक जन्मवयासोबत प्रशिक्षणवय आणि शारीरिक परिपक्वता यांची नोंद ठेवण्याची शिफारस करतात. एकाच चाचणीऐवजी काही वर्षांची प्रगती पाहणे आणि उशिरा आलेल्यांसाठी पुनर्निवडीची संधी ठेवणे हे उपायही सुचवले जातात. ज्या भागात मूल मैदानावर उशिरा पोहोचते, त्या भागात केवळ जन्मतारखेवर आधारलेली गाळणी गुणवत्तेबरोबरच साधनांचीही निवड करते.

हे सुद्धा पहा

सापेक्ष वय परिणाम
एनबीए ड्राफ्ट
अल्टिमेट खो-खो
लातूर पॅटर्न
महाराष्ट्र केसरी