लेपर्ड गेकोच्या पायाखाली काय हवे?

भिंतीवर सरसर चढणाऱ्या घरच्या पालीच्या बोटांखाली बारीक पट्ट्या असतात. त्यांच्या जोरावर ती छतालाही चिकटून राहते. लेपर्ड गेकोच्या बोटांना अशा पट्ट्या नाहीत, नुसत्या नख्या आहेत. हा प्राणी जमिनीवर चालणारा, उकरणारा, दगडाखाली दडणारा. म्हणूनच त्याच्या काचेच्या पेटीत खाली काय पसरायचे, हा सजावटीचा नव्हे, त्याच्या प्रकृतीचा प्रश्न आहे.

एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत. ‘वाळवंटी पाल’ म्हटले की डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, पण हा गेको राहतो तो खडकाळ, कोरड्या प्रदेशात. तिथे पायाखाली चिकणमाती, रेती आणि खडे यांची दबून घट्ट झालेली जमीन असते. महाराष्ट्र-गुजरातेत आढळणारा यूब्लेफॅरिस फस्कस आणि २०१४ मध्ये सातपुड्यातून नोंदवलेला यूब्लेफॅरिस सातपुराएन्सिस हे त्याचे जवळचे भाऊबंद.

सुट्या वाळूची भीती वाटते ती आतडे तुंबण्यामुळे. शिकार करताना गेको दबकत पुढे येतो, शेपटीचे टोक थरथरते आणि तो रातकिड्यावर झडप घालतो. किड्याबरोबर चार कणही तोंडात जातात. शिवाय वास घेण्यासाठी तो जिभेने जमीन चाटत असतो. धडधाकट प्राण्याच्या पोटातून असे थोडे कण विष्ठेवाटे निघून जातात. अडचण होते ती पेटी थंड असेल तेव्हा. सरपटणाऱ्या प्राण्यांचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. गेकोला उबेच्या जागी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते नसले, पाणी कमी पडले किंवा पोटात जंत झाले की आतड्यांची हालचाल मंदावते. शरीरात कॅल्शियम कमी असेल तर तो माती मुद्दामही खातो. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायलाच हवी.

तरीही काही पदार्थ मुळातच टाळावेत. ‘पचणारी’ म्हणून विकली जाणारी कॅल्शियमची वाळू ओली झाली की गोळा होते, आणि तिची चव प्राण्याला आणखी खायला लावते. अक्रोडाच्या कवचाचा चुरा टोकदार असतो. देवदाराच्या भुशातले उग्र तेल श्वासाला त्रास देते. नुसते कोकोपीट सुकले की धूळ उडते. आपली काळी माती ओलेपणी चिकटते आणि वाळली की भेगाळते.

मग घालायचे काय? खत, कीटकनाशक किंवा पर्लाइट नसलेली साधी माती सुमारे ७० टक्के आणि धुतलेली बारीक वाळू ३० टक्के. माती फारच भुसभुशीत असेल तर थोडी चिकणमातीची पूड मिसळावी. मिश्रण चाळून ओलसर करा आणि मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचताच फुटला, तर प्रमाण जमले. लाडू वळलाच नाही तर चिकणमाती वाढवा, बोटांना चिकटला तर वाळू. हा थर सात ते दहा सेंटिमीटर जाडीचा पसरून थापा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर चालताना पाय रुतत नाहीत, पण नख्यांनी उकरता येते. जड दगड थेट पेटीच्या तळावर टेकवून मगच भोवती माती भरा, नाहीतर खाली उकरणाऱ्या प्राण्यावर दगड बसतो. एका कोपऱ्यातल्या दडणीत ओलसर शेवाळ ठेवा. कात नीट निघायला तो ओलावा लागतो, नाहीतर बोटांवर अडकलेली कात रक्तपुरवठा तोडते आणि बोट झडते.

पिल्लू, नुकताच घरी आणलेला किंवा आजारी गेको मात्र कागदी टॉवेलवरच ठेवावा. विष्ठा रोज दिसते आणि बिघाड लवकर कळतो. खाणे सुटले, विष्ठा थांबली, पोट फुगले, तर घरगुती उपाय करत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

या कामाला क्रम आहे. आधी थर्मामीटर, मग कॅल्शियम आणि पाणी, शेवटी माती. पहिली दोन सांभाळली नाहीत तर उत्तम मातीही धोक्याची ठरते. ती सांभाळली, तर पंधरा-वीस वर्षे जगणाऱ्या या प्राण्याला जन्मभर गुळगुळीत फरशीवर ठेवण्याचे कारण उरत नाही.