संगणकातील अधिकारांची मर्यादा आणि एक जुनी त्रुटी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमालास पोती आत नेण्याची मुभा असते. तिजोरीची किल्ली मात्र दिवाणजींपाशीच राहते. संगणकाचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. सामान्य वापरकर्त्यास त्याच्या कामापुरतेच अधिकार दिलेले असतात, तर संपूर्ण यंत्रावरील सत्ता व्यवस्थापकाच्या खात्याकडे असते. 'लिनक्स' या कार्यप्रणालीत या खात्यास 'रूट' असे म्हणतात.

प्रसंगी सामान्य वापरकर्त्यालाही वरच्या अधिकाराचे एखादे काम करावे लागते. त्यासाठी योजलेल्या साधनांपैकी 'पीकेएक्झेक' हे एक होय. ते रूटच्या अधिकाराने चालते आणि मागणी करणाऱ्यास तशी परवानगी आहे किंवा नाही, हे पडताळून पाहते. या साधनात मे 2009 पासून एक त्रुटी दडून राहिली होती. 'क्वालिस' या कंपनीच्या संशोधकांनी ती 25 जानेवारी 2022 रोजी जाहीर केली. उबुंटू, डेबियन, फेडोरा आदी प्रचलित प्रणालींत हे साधन होतेच. सी-डॅक या भारतीय संस्थेने विकसित केलेली 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही.

त्रुटीचे स्वरूप साधे होते. कोणतेही साधन सुरू होताना त्यास दोन याद्या मिळतात: पहिली आज्ञेतील शब्दांची, दुसरी भोवतालच्या परिस्थितीविषयीच्या सूचनांची. स्मृतीमध्ये त्या एकीपुढे एक मांडलेल्या असतात. पहिली यादी मुद्दाम कोरी ठेवल्यास पीकेएक्झेक ती कोरी असल्याचे तपासत नसे. पुढच्या यादीतील पहिली नोंद तो आपलीच आज्ञा समजून वाची आणि तेथे नवी नोंदही लिही. कोरी चिठ्ठी हाती येताच दिवाणजींनी शेजारचा कागद हुकूम म्हणून वाचावा, तसाच हा प्रकार. धोकादायक म्हणून आधीच गाळलेली सूचना या मार्गाने पुन्हा आत येई आणि सामान्य वापरकर्ता पासवर्डावाचून रूट बनू शके.

केवळ या त्रुटीच्या बळावर बाहेरच्या माणसास संगणकात शिरता येत नाही. आत पाऊल ठेवण्यापुरते एखादे खाते त्याला लागतेच. परंतु कनिष्ठ कर्मचाऱ्याचा पासवर्ड फुटला तरी 'त्या खात्याला अधिकारच किती?' असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हाच या प्रकरणाचा बोध आहे. जमिनीचे उतारे, निवृत्तिवेतन, जन्ममृत्यूच्या नोंदी असे नागरिकांच्या हिताचे दप्तर आज संगणकावर आहे. लहान खात्यातून सर्वाधिकार मिळाल्यास अशा नोंदी वाचता, बदलता वा पुसताही येतात.

ही त्रुटी दूर करणारी सुधारणा 2022 मध्येच उपलब्ध झाली. ती बसविणे तत्काळ शक्य नसल्यास पीकेएक्झेकला दिलेला रूटचा विशेष अधिकार तात्पुरता काढून घ्यावा, असा उपायही सुचविण्यात आला होता. तथापि, सुधारणा उपलब्ध असणे आणि ती आपल्या यंत्रावर बसविलेली असणे या दोन भिन्न गोष्टी होत. म्हणून प्रत्येक कार्यालयाने जुन्या यंत्रांची तपासणी करून सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात, बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती बंद करावीत आणि एकच पासवर्ड अनेकांनी वापरण्याची प्रथा सोडावी, हे अगत्याचे आहे.