मुदत वाढवा, हप्ता घटवा

१५ ऑक्टोबर २०१६. व्हँकुव्हर कनक्सचा हंगामातला पहिला सामना, घरच्या बर्फावर, समोर कॅलगरी. कॅलगरीच्या एकाकडून आगळीक झाली आणि पंचाने हात वर केला. आइस हॉकीत अशा वेळी खेळ लगेच थांबत नाही. आगळीक करणाऱ्या संघाने चकतीचा ताबा घेतला की मगच शिट्टी वाजते. तोवर ज्यांच्याकडे चकती आहे ते आपला गोलरक्षक बिनधास्त बाकावर बोलावतात आणि एक जादा गडी उतरवतात. कनक्सचा गोलरक्षक तसा बाहेर गेला. लुई एरिक्सनने मागच्या सहकाऱ्यासाठी पास सोडला. सहकारी तिथे नव्हताच. चकती बर्फावरून सावकाश घसरत रिकाम्या जाळ्यात जाऊन बसली. जाळं कनक्सचंच.

एरिक्सनचा नव्या संघासाठीचा हा पहिला सामना होता. १ जुलैला त्याला सहा वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार मिळाला होता. आदल्या हंगामात त्याने बॉस्टनसाठी ३० गोल केले होते. व्हँकुव्हरमध्ये पाच हंगामांत मिळून त्याचे ३८ गोल झाले, आणि सहाव्या वर्षासाठी त्याला ॲरिझोनाला धाडून देण्यात आलं. तो सामना कनक्सने कसाबसा जिंकला, पण त्या घसरत जाणाऱ्या चकतीची चित्रफीत आजही फिरते.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. इथली हॉकी बर्फावरची, अमेरिका-कॅनडाच्या ३२ संघांच्या एनएचएल नावाच्या लीगमधली. तिथे दर वर्षी १ जुलैला 'फ्री एजंट' म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू बाजारात येतात आणि काही तासांत कोट्यवधी डॉलरचे आकडे जाहीर होतात. आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय असल्याने यात नवल वाटत नाही. फरक एवढाच, की आयपीएलचा संघ हंगाम संपल्यावर महागड्या खेळाडूला सोडून देऊ शकतो आणि पुढच्या लिलावात त्याचे पैसे पुन्हा हाताशी येतात. एनएचएलमध्ये करार म्हणजे करार. खेळाडू चालला नाही, म्हातारा झाला, तरी पैसे द्यायचेच. मग इतकी वर्षानुवर्षं मुरलेली, हिशेबनीस पदरी बाळगणारी माणसं तिशीतल्या खेळाडूला सात-सात वर्षं कशी काय लिहून देतात?

उत्तर आपल्या गृहकर्जात आहे. हप्ता झेपत नसेल तर बँक मुदत वाढवून देते.

२००४-०५चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला. त्यानंतर एनएचएलने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. हीच सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६मध्ये ९ कोटी ५५ लाख. मालक कितीही गब्बर असो, ही रेघ त्याला ओलांडता येत नाही. आता मेख अशी, की कॅपमध्ये खेळाडूचा त्या वर्षीचा खरा पगार धरला जात नाही. करारातली एकूण रक्कम भागिले वर्षं, ही सरासरी धरतात. म्हणजे ४ कोटींचा खेळाडू चार वर्षांसाठी घेतला तर दर वर्षी १ कोटीची जागा अडते. तेच पैसे आठ वर्षांत वाटले तर ५० लाखांची. उरलेल्या जागेत आणखी एक चांगला बचावपटू बसतो. बँक निदान जास्तीचं व्याज तरी घेते, इथे तेही नाही. संघ खेळाडूला शेवटची दोन-तीन वर्षं देतो, ती त्या वर्षांत त्याच्याकडून काही अपेक्षा असते म्हणून नव्हे. पहिली तीन-चार वर्षं स्वस्तात पदरात पडावीत म्हणून.

ही युक्ती एकदा कळल्यावर तिला धरबंध राहिला नाही. २०१० साली न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकला १७ वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलर देऊ केले. करार संपताना तो ४४ वर्षांचा झाला असता. त्यातली रकमांची उतरंड पाहण्यासारखी आहे. मधली पाच वर्षं वर्षाला १ कोटी १५ लाख, आणि शेवटची पाच वर्षं वर्षाला फक्त साडेपाच लाख. चाळिशीतला कोवालचुक एवढ्यासाठी खेळणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती वर्षं सरासरी ६० लाखांवर आणण्यासाठी लावलेलं शेपूट होतं. लीगने करार नामंजूर केला, लवाद रिचर्ड ब्लॉक यांनीही लीगची बाजू उचलून धरली. मग १५ वर्षांचा, १० कोटींचा सुधारित करार झाला आणि डेव्हिल्सला दंड बसला तो वेगळाच. एवढं रामायण करून २०१३ साली कोवालचुक एनएचएलमधून निवृत्त झाला आणि रशियात खेळायला निघून गेला. ७ कोटी ७० लाख डॉलर त्याने तसेच सोडले. पैसे सोडून खेळाडूच पळाला, असं उदाहरण या धंद्यात विरळाच.

त्याच वर्षी लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक कराराने मर्यादा घातली: बाहेरचा खेळाडू जास्तीत जास्त सात वर्षं, स्वतःचा आठ. वर्षागणिक पगारात किती चढउतार चालेल त्यालाही लगाम बसला. १७ वर्षांचे करार गेले, पण जुगार तसाच राहिला. त्याचं मूळ खेळाडूच्या वयात आहे. एनएचएलचा खेळाडू पूर्ण मोकळा होतो तो साधारण २७व्या वर्षी किंवा लीगमध्ये सात हंगाम काढल्यावर. आघाडीच्या फळीतल्या खेळाडूची धार तर बहुतेकदा पंचविशीच्या आसपास सर्वांत तेज असते. म्हणजे बाजारात माल येतो तोच मुळी बहर ओसरू लागल्यावर. त्यातून बोली लावणारे अनेक. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवर तीन अभियंत्यांनी १९७१ साली निबंध लिहिला होता. खाली तेल किती आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं, तेव्हा लिलाव जिंकतो तो सर्वांत फाजील अंदाज बांधणारा, असं त्यांनी दाखवलं. त्याला नाव पडलं 'विजेत्याचा शाप'. १ जुलैची दुपार त्याहून वेगळी नसते.

आणि संघ जमवणाऱ्या जनरल मॅनेजरचा हिशेब वेगळाच. यंदा प्लेऑफ गाठली नाही तर त्याची नोकरी जाणार. सातव्या वर्षाची काळजी त्या खुर्चीत बसणाऱ्या पुढच्या माणसाने करायची.

पुढचा माणूस ती कशी करतो, हा या खेळातला सगळ्यात मजेदार भाग. टोरंटोने २०१३ साली घरच्याच डेव्हिड क्लार्कसनला सात वर्षांसाठी ३ कोटी ६७ लाख डॉलर दिले. पहिल्या हंगामात त्याचे गोल झाले पाच. त्याच उन्हाळ्यात कोलंबसने नेथन हॉर्टनला जवळपास तेवढाच करार दिला होता. तो ३६ सामने खेळला आणि पाठीच्या दुखण्याने कायमचा बसला. कोलंबसची पंचाईत अशी, की या कराराचा विमा नव्हता. न खेळणाऱ्याचा पगार खिशातून जात होता. टोरंटोला पैशाची ददात नाही, अडचण कॅपची. आणि दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूची कॅपमधली जागा नियमाने वापरता येते. तेव्हा फेब्रुवारी २०१५मध्ये दोघांनी सरळ अदलाबदल केली: चालणारा खेळाडू देऊन न चालणारा घेतला. पुढे क्लार्कसनही जायबंदी झाला, त्याचा करार लास व्हेगासला गेला आणि २०१९ साली टोरंटोने तोच करार स्वखुशीने परत आणला. खेळाडू म्हणून नको झालेला माणूस जमाखर्चातली नोंद म्हणून हवासा झाला होता.

ॲरिझोनाने तर असे करार गोळा करण्याचाच उद्योग मांडला होता. लीगमध्ये खर्चाची किमान मर्यादाही आहे. गरीब संघाला ती कागदोपत्री गाठायची असेल, तर मोठी सरासरी आणि प्रत्यक्षात किरकोळ पगार असलेला, न खेळणारा खेळाडू फार सोयीचा. क्रिस प्राँगर २०१५ साली हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये विराजमान झाला तेव्हा तो कागदावर ॲरिझोनाचा खेळाडू होता. ॲरिझोनासाठी तो एकही सामना खेळला नाही.

इथवर वाचून हे सगळे करार बुडीत खातीच असतात असं कुणी म्हणेल, तर त्याला सर्गेई बोब्रोव्हस्कीची गोष्ट सांगावी लागेल. १ जुलै २०१९ला फ्लोरिडा पँथर्सने या तिशीतल्या रशियन गोलरक्षकाला सात वर्षांसाठी ७ कोटी डॉलर दिले. लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान तोवर त्याला दोनदा मिळाला होता. पहिल्याच हंगामात त्याची घसरण झाली. २०२१च्या प्लेऑफमध्ये त्याला बाकावर बसवून २० वर्षांच्या पोराला जाळ्यासमोर उभं केलं गेलं. वर्षाला १ कोटी आणि जागा बाकावर. लीगमधल्या सर्वांत वाईट करारांच्या यादीत त्याचं नाव हमखास असे.

२०२३च्या प्लेऑफची सुरुवातही त्याने बाकावरूनच केली. समोर बॉस्टन, ६५ विजय आणि १३५ गुण, दोन्ही लीगचे विक्रम. पहिल्या तीन सामन्यांत ॲलेक्स लायनने सुरुवात केली, चौथ्यापासून बोब्रोव्हस्कीने. मालिका ३-१ अशी बॉस्टनच्या खिशात. पाचवा सामना ३-३ बरोबरीत, निर्धारित वेळेचे शेवटचे क्षण उरलेले, आणि बॉस्टनचा ब्रॅड मार्शांड एकटा सुटून गोलजाळ्याकडे निघाला. मध्ये कुणीही नाही. तो गोल झाला असता तर फ्लोरिडाचा हंगाम तिथेच संपला असता, आणि बोब्रोव्हस्कीच्या करारावरचं मतही बहुधा कायम झालं असतं. त्याने तो अडवला. जादा वेळेत मॅथ्यू काचकने गोल केला, पुढचे दोन्ही सामने फ्लोरिडाने जिंकले आणि ते थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. तिथे हरले. पण २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी एडमंटनला हरवून स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांनी घेतलं, दोन्ही वेळा जाळ्यासमोर बोब्रोव्हस्की. कराराचं पाचवं आणि सहावं वर्ष. जी वर्षं सहसा शेपूट म्हणून जोडलेली असतात, तीच.

माझ्या मते यात फ्लोरिडाच्या दूरदृष्टीचा वाटा फार नाही. गोलरक्षकांचा आलेख आघाडीच्या खेळाडूंसारखा सरळ उतरत नाही, आणि नशीबही होतंच. शिवाय कॅप वाढत गेली. करार झाला त्या हंगामातल्या ८ कोटी १५ लाखांच्या मर्यादेत १ कोटी म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त. २०२५-२६मध्ये तेच १ कोटी साडेदहा टक्क्यांच्या आसपास. पण हिशेबाला धीर लागतो हे पँथर्सना उमगलं असावं. मार्शांड पुढे त्यांच्याकडेच आला, २०२५चा कप जिंकला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी ३७ वर्षांच्या या गृहस्थाला सहा वर्षांचा करार दिला. वर्षाला साडेबावन्न लाखांत. तो ४३ वर्षांचा होईतो कोण विचारतो!

मिनेसोटा वाइल्डला मात्र विचारावं लागलं. ४ जुलै २०१२ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी झॅक परीसे आणि रायन सूटर या दोघांना एकाच दमात सारखाच करार दिला: १३ वर्षं, प्रत्येकी ९ कोटी ८० लाख. परीसे तर मिनेसोटाचाच पोरगा. गाव हरखलं. गंमत अशी, की दोन आठवड्यांच्या आत लीगच्या मालकांनी खेळाडू संघटनेपुढे मागणी ठेवली, की कराराची मुदत पाच वर्षांहून जास्त नको. त्या मालकांत मिनेसोटाचे क्रेग लीपोल्डही आले.

सलग चार वर्षं प्लेऑफला मुकलेला संघ पुढची सहा वर्षं सलग प्लेऑफमध्ये गेला. पण दुसऱ्या फेरीच्या पलीकडे एकदाही नाही. जुलै २०२१मध्ये दोघांनाही एकाच दिवशी नारळ देण्यात आला. त्याला बायआउट म्हणतात: उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश हिस्सा द्यायचा, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. मुदत वाढवून हप्ता घटवायचा तोच खाक्या, पण शेवटच्या वर्षांतला किरकोळ पगार आणि कॅपमधली मोठी सरासरी यांतल्या फरकामुळे मधली वर्षं भयंकर निघाली. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन हंगामांत वर्षाला सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलरची कॅप दोन न-खेळाडूंनी अडवली. म्हणजे मिनेसोटासाठी न-खेळाडू. सूटर बायआउटनंतर डॅलसकडे गेला होता, आणि २०२३च्या पहिल्या फेरीत मिनेसोटाला घरी पाठवलं ते डॅलसनेच.

२०२५-२६मध्ये तो आकडा एकदम १७ लाखांच्या खाली उतरला. त्या हंगामाच्या तोंडावर, सप्टेंबर २०२५च्या शेवटच्या दिवशी, मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हशी करार वाढवला. आठ वर्षं, १३ कोटी ६० लाख डॉलर, एनएचएलच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. सप्टेंबर २०२६पासून नव्या सामूहिक करारानुसार स्वतःच्या खेळाडूलाही सातच वर्षं देता येतात, आठाची मुभा संपायच्या आत त्यांनी ती वापरून घेतली. संघाचे मालक तेच, क्रेग लीपोल्ड. हा करार २०२६-२७पासून लागू होतो. परीसे आणि सूटरचे हप्ते २०२८-२९पर्यंत आहेत. तीन हंगाम तिघांची नावं एकाच खातेवहीत असतील.