स्पीकर घेताना फक्त वॅट पाहता? आधी ओहम तपासा

घरच्या अॅम्प्लिफायरला नवे स्पीकर जोडताना बहुतेक जण फक्त वॅट पाहतात. पण अॅम्प्लिफायर जपायचा तर आधी ओहम पाहा. ओहम हे विजेच्या प्रवाहाला स्पीकर किती अडथळा करतो, त्याचे माप. अडथळा निम्मा झाला, की त्याच आवाजपातळीवर अॅम्प्लिफायरला दुप्पट करंट द्यावा लागतो.

8 ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले, की भार 4 ओहम होतो. अॅम्प्लिफायरच्या मागे ‘8 ते 16 ओहम’ असे छापले असेल, तर तो तापून बंद पडू शकतो, जळूही शकतो.

मोठ्या आवाजासाठी सेन्सिटिव्हिटी पाहा. ती 3 डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. आवाज फाटू लागला, तर लगेच कमी करा; नाहीतर आधी ट्वीटर जातो.