हद्दीबाहेरचा छापखाना
कोल्हापूर दरबार, पुण्या-मुंबईचे छापखाने आणि चार पानांच्या लढाया

जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक या दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा दिली. फिर्यादी होते कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे. अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतो आहे, त्यांना वेडे ठरवले जाते आहे आणि त्यात कारभाऱ्यांचा हात आहे, असे या वृत्तपत्रांनी छापले होते. पुरावा म्हणून पुढे आलेली बर्व्यांची पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत. दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून २६ ऑक्टोबरला सुटले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगर येथे पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत तरुण महाराजांचा अंत झाला. पत्रे खोटी होती, महाराजांचे हाल मात्र खरे होते.

या प्रकरणाचा भूगोल ध्यानात घेण्याजोगा आहे. तक्रार कोल्हापूरची, छपाई पुण्याची आणि खटला मुंबईचा. ज्याच्यावर लिहायचे त्याच्या हद्दीबाहेर छापायचे आणि वाचक मात्र हद्दीच्या आत शोधायचे, ही रीत कोल्हापूरच्या राजकारणात पुढे चाळीसेक वर्षे टिकली. छापील कागदाचा इतिहास आपण बहुधा लेखकांच्या नावांनी सांगतो. कोल्हापुरात तो सत्तेच्या सीमारेषांवरून सांगावा लागतो.

लंडनची फट

सत्तेच्या सीमारेषांत अशी फट पडली की चोपड्यांचे पीक येते, याचा सर्वांत मोठा दाखला सतराव्या शतकातल्या लंडनचा आहे. राजा चार्ल्स आणि धर्मपीठ यांच्याविरुद्ध लिहिल्याबद्दल १६३७ मध्ये विल्यम प्रिन, जॉन बास्टविक आणि हेन्री बर्टन यांचे कान भर चौकात कापले गेले. चारच वर्षांनी, १६४१ मध्ये, पार्लमेंटने ‘स्टार चेंबर’ हे न्यायपीठ मोडीत काढले आणि छपाईवरचा धाक एकदम सुटला. राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले, तेव्हा दोघांनाही छापखान्याची गरज होती आणि दोघांपैकी कोणालाच तो पूर्णपणे आवरता येत नव्हता.

थोड्या पानांचे, बांधणी न केलेले, नुसता दोरा घालून शिवलेले हे कागद असत. त्यांत लढाईच्या बातम्या, प्रवचने, शिव्याशाप, भविष्ये आणि खोट्या कहाण्या सारे काही असे. आयर्लंडमधल्या १६४१ च्या उठावाची अतिरंजित वर्णने छापून लंडनकरांची माथी भडकवली गेली. जॉर्ज टॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात असे सुमारे २२,००० कागद जमवले. पार्लमेंटने १६४३ मध्ये पुन्हा परवाना सक्तीचा केला, तेव्हा मिल्टनने त्याविरुद्ध १६४४ मध्ये ‘ॲरिओपॅजिटिका’ लिहिली आणि तीही विनापरवाना छापली. राजेशाही परतल्यावर १६६२ मध्ये कायदा कडक झाला. तो कायमचा संपला १६९५ मध्ये.

पोथीपासून पत्रकापर्यंत

आपल्या भागात छपाई आली ती पोथीच्या रूपाने. कोल्हापूरशेजारच्या मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. वादाचा छापील कागद आला तो मिशनऱ्यांबरोबर. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. धर्मावर छापून वाद घालता येतो, हे महाराष्ट्राने आधी मिशनऱ्यांच्या पुस्तिकांत पाहिले आणि मग तेच हत्यार स्वतः उचलले. जोतीराव फुले यांचे ‘ब्राह्मणांचे कसब’ १८६९ चे आणि ‘सत्सार’चे छोटे अंक १८८५ चे. टिळक-आगरकरांच्या खटल्यात जामिनाची वेळ आली, तेव्हा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांची हमी दिली. पुढे ज्यांचे अनुयायी एकमेकांवर पुस्तिका झाडणार होते, ते त्या दिवशी एका बाजूला होते.

छापखान्यात उतरलेला राजा

वेदोक्त प्रकरणाने हे चित्र पालटले. पंचगंगेच्या घाटावर १८९९ च्या कार्तिकस्नानात राजघराण्याचे विधी वेदोक्त नव्हे, तर शूद्रांसाठीच्या पुराणोक्त मंत्रांनी होत असल्याचे उघड झाले आणि वाद पेटला. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्येच सुरू झाली होती. पुण्याची पत्रे आता आगगाडीने येत होती. ‘केसरी’ने ऑक्टोबर १९०१ मध्ये वेदोक्ताच्या मागणीची खिल्ली उडवणारे अग्रलेख लिहिले. हद्द कोल्हापूरची आणि छापखाना पुण्याचा, ही जुनीच मांडणी. फरक इतकाच की या वेळी गादीवर असहाय अल्पवयीन राजा नव्हता.

शाहू महाराजांनी उत्तर दिले ते आधी स्वतःच्या छापील कागदातून. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत असताना, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात निघाला. मग त्यांनी विरोधकांचीच युक्ती उचलली. हद्दीबाहेरच्या पत्रांना त्यांनी हात दिला. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत निघाले, त्यामागे महाराजांचे अडीच हजार रुपये होते. इंग्लंडच्या चार्ल्स राजाला चोपड्या आवरता आल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या राजाने त्या आवरण्यापेक्षा आपल्या बाजूच्या पत्रांना बळ देणे पसंत केले.

हद्दीच्या आत छापणाऱ्याचे काय होई, याचेही उदाहरण आहे. राजाराम कॉलेजात प्राध्यापक राहिलेले विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापुरातून ‘ग्रंथमाला’, ‘समर्थ’ आणि ‘विश्ववृत्त’ चालवत. ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला. विजापूरकर तुरुंगात गेले. संस्थानाच्या डोक्यावर इंग्रज सरकार होते. सनातन्यांशी भांडायला महाराज मोकळे होते, पण साम्राज्याविरुद्ध छापलेल्या ओळीला करवीरात आसरा नव्हता. राजाश्रयाची हद्द इथे संपत होती.

वाचणारा एक, ऐकणारे शंभर

साक्षर थोडे असताना हे कागद पोचले कसे? लंडनमध्ये छापील बॅलड रस्त्यात गाऊन विकले जात. आपल्याकडे पोथी, पोवाडा आणि तमाशा तयारच होते. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले ते पोथीच्या घाटात. श्रावणात पोथी ऐकणाऱ्या कानांना त्याची चाल शिकवावी लागत नव्हती. कोल्हापुरात ११ जानेवारी १९११ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि दक्षिण महाराष्ट्रात तमाशाच्या घाटातले सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांत भटजीची चेष्टा आली, वगात सावकार आणि कुलकर्णी आले. पुस्तिकेतला युक्तिवाद ढोलकीवर चढला की पान फाटले तरी बिघडत नसे. महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्या निर्णयाची पार्श्वभूमी अशा वाचनांनी आणि जलशांनी आधीच तयार केली होती.

खटल्याने वाचवलेले कागद

शाहू महाराज मे १९२२ मध्ये गेले. त्यानंतर भाषा अधिक तिखट झाली. कोल्हापुरात खंडेराव बागलांचे ‘हंटर’ निघाले. दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका १९२५ मध्ये पुण्यात गाजली. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावरचे तिचे हल्ले इतके जहरी होते की जवळकर, केशवराव जेधे आणि केशवराव बागडे यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि १९२६ मध्ये ते जिंकले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी टिळक अब्रुनुकसानीचे आरोपी होते, आता टिळकांवर झाडलेल्या पुस्तिकेसाठी दुसरे आरोपी झाले होते.

आज ‘देशाचे दुश्मन’ आपल्याला ठाऊक आहे ती बऱ्याच अंशी खटल्यामुळे. आपल्याकडे टॉमसनसारखा रोजचा कागद जपणारा माणूस नव्हता. जे उरले ते कोर्टाच्या दप्तरांनी, पोलिसांच्या अहवालांनी आणि १८६७ च्या मुद्रण कायद्याखाली सरकारात जमा झालेल्या प्रतींनी उरवले. म्हणजे आपल्या लोकछपाईचा इतिहास दुखावलेल्यांनी निवडून ठेवलेला आहे. ज्याने कोणी दुखावले नाही, ते जलशांच्या पदांचे आठ पानी पुस्तक, परिषदेचे निमंत्रण, पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची विधिपुस्तिका, यांतले फार थोडे हाती लागते.

कोल्हापुरात हे काम करण्याजोग्या संस्था आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, शाहूकालीन दप्तरे आहेत. ग्रंथांच्या याद्या झाल्या, पत्रव्यवहारांचे खंड निघाले. आता बत्तीस पानांखालच्या कागदांची स्वतंत्र सूची व्हायला हवी. तिच्यात मुद्रकाचे नाव, छपाईचे गाव, किंमत आणि पैसे देणाऱ्याचे नाव, एवढे चार रकाने भरले तरी सत्यशोधक चळवळ गावात कोणत्या वाटेने शिरली, हे भाषणांच्या संग्रहांपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.