मुर्डीचे पेंडसे, 'बेस्ट'ची नोकरी

कोकणातली माणसे मराठी कादंबरीत कायमची वस्तीला आणली ती श्री. ना. पेंडसे यांनी. पण या लेखकाचे बहुतेक आयुष्य मुंबईत गेले आणि त्यांची नोकरी होती 'बेस्ट'मध्ये, हे सांगितले की अजूनही काही वाचकांना नवल वाटते. दापोली तालुक्यातले मुर्डी हे त्यांचे गाव. जन्म 1913 चा. शाळकरी वयातच गाव सुटले आणि पुढे मुंबईचे ट्राम-बसचे जग त्यांच्या पोटापाण्याचे झाले. त्या 'बेस्ट'चा इतिहासही त्यांनीच लिहिला. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात गारंबी, असा हा दुहेरी संसार.

नोकरी आणि लेखन यांचे जमते कसे, हा प्रश्न मला स्वतःला फार वर्षे छळत आला आहे. माझी सारी उमेद बँकेत गेली. वसईहून चर्चगेट गाठायचे, दिवसभर लेजर आणि व्हाउचर, मार्चअखेरीस तर घरी परतायला मध्यरात्र. कादंबरीची पाने लिहिली ती रविवारी, नाहीतर लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली त्या दिवशी. एका वरिष्ठांनी मला एकदा सुनावले होते, "लेखक व्हायचे तर नोकरी सोडा." मी नोकरी सोडली नाही. घरात धाकटी भावंडे शिकत होती. पेंडशांकडे बघून धीर यायचा तो याच कारणाने.

त्यांची पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 ची. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. मग 'हद्दपार' आणि 1952 मध्ये 'गारंबीचा बापू'. गावाने ओवाळून टाकलेला, कुणालाही न जुमानणारा बापू आणि त्याची राधा मराठी घराघरांत पोहोचली. इयन रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले. 1962 च्या 'रथचक्र'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलांना शिकवायचेच, या एका हट्टापायी साऱ्या घराशी झुंजणाऱ्या त्या बाईला पेंडशांनी नावसुद्धा दिलेले नाही. ती नुसती 'ती' आहे. वाचणाऱ्याला मात्र आपल्याच घरातली कुणी आजी आठवते. 'लव्हाळी'त तर त्यांनी मुंबईच्या कारकुनाची रोजनिशीच मांडली. आम्हा नोकरदारांना ती कादंबरी जरा जास्तच जवळची.

आणि 1987 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'तुंबाडचे खोत'. जगबुडी नदीच्या काठचे एक घराणे, त्याच्या चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. 2018 साली 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्याचे नाव इथूनच उचललेले. गोष्ट मात्र वेगळी. चित्रपट पाहून ग्रंथालयात ही कादंबरी मागायला येणारी तरुण मुले मी पाहिली आहेत.

गाव सुटल्यावरच गाव इतके स्वच्छ दिसते का? आयर्लंडच्या जेम्स जॉइसचे उदाहरण इथे आठवते. 1882 साली डब्लिनजवळ जन्मलेल्या जॉइसने 1904 मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते शहर सोडले. पुढे ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिस अशी त्याची भटकंती झाली आणि 1941 मध्ये झुरिकलाच तो वारला. 1906-07 च्या सुमारास काही महिने त्याने रोममधल्या एका बँकेत पत्रे लिहून काढण्याचे काम केले, हे वाचून माझी मान जरा ताठ झाली होती! 'युलिसिस'ची कल्पनाही त्याला प्रथम त्या रोमच्या मुक्कामातच सुचली, तीही एक छोटी कथा म्हणून. पुढे 1922 मध्ये ती प्रचंड कादंबरी पॅरिसला प्रसिद्ध झाली. तिच्यात आहे डब्लिनमधला फक्त एक दिवस, 16 जून 1904. परदेशात बसून तो डब्लिनच्या मामीला पत्रे टाकायचा. अमुक घराच्या कठड्यावरून माणसाला खाली उतरता येईल का, असे बारीकसारीक विचारायचा.

पेंडसे आणि जॉइस यांची लिहिण्याची रीत अगदी निराळी. पेंडशांची गोष्ट घरातल्या कुणालाही सहज वाचता येते. जॉइसशी मात्र झटापट करावी लागते. दोघांना बांधणारा धागा एकच. गाव मागे राहिले आणि मनातून हलले नाही.

आम्हा वसईकरांचे उलटे झाले. आम्ही गाव सोडले नाही, गावच डोळ्यांदेखत निघून गेले. केळीच्या वाड्या, बावखले, पानवेलीचे मळे होते तिथे सात मजली इमारती आल्या. 1990 च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'साठी लढा दिला म्हणून काही हिरवे उरले. 2009 मध्ये महानगरपालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. दिब्रिटोही 2024 मध्ये गेले. कादोडी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांतली नातवंडे आता आजीशीसुद्धा इंग्रजी-हिंदीत बोलतात.

माझ्याकडे अधूनमधून तरुण मुले हस्तलिखिते घेऊन येतात. कुणी बँकेत, कुणी कॉल सेंटरवर. वेळ नाही, ही सर्वांची तक्रार. त्यांना मी 1949 आणि 1987 ही दोन सालेच सांगतो. मधल्या अडतीस वर्षांतली बरीच पेंडशांनी नोकरीत काढली. वेळ पुरवून पुरवून वापरता येतो. सांगणारी माणसे मात्र थांबत नाहीत. रहाट कसा चालायचा, भाजीच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने मुंबईला कशा जायच्या, लग्नात कोणती गाणी म्हटली जायची, हे ठाऊक असलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. जॉइसला त्यासाठी परदेशातून पत्र टाकावे लागे. आपली मामी, आत्या, आजी अजून ओटीवर बसलेली आहे. या रविवारी दुपारी वही घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसा.