सापसुरळीची ओळख आणि तिच्या प्रसाराचा प्रश्न

महाराष्ट्रातील बोलीभाषेत ‘सापसुरळी’ हे नाव कोणत्याही एका जातीचे नव्हे. चकचकीत अंगाचा, आखूड पायांचा आणि सापासारखा वळवळत जाणारा कोणताही सरडेवर्गीय प्राणी या नावाखाली मोडतो. कित्येक ठिकाणी त्यालाच ‘सापाची मावशी’ असेही म्हणतात. व्यवहारास एवढे पुरते. परंतु एखाद्या जातीचा प्रसार नकाशावर दाखवावयाचा झाला म्हणजे हे सैल नाव अडचणीचे ठरते. कारण नमुन्याला बांधलेली चिठ्ठी चुकली की नकाशाही चुकतो. या गटातील सर्वांत परिचित आणि आकाराने मोठी जाती युट्रोपिस कॅरिनाटा ही होय, आणि तिच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

श्नायडर याने १८०१ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या ग्रंथात व त्यानंतरही दीर्घकाळ तिची गणना मॅब्युया या प्रजातीत होत असे. अमेरिका, आफ्रिका व आशिया या तिन्ही खंडांत पसरलेली ही अवाढव्य प्रजाती २००२ मध्ये आनुवंशिक पुराव्याच्या आधारे विभागण्यात आली. मॅब्युया हे नाव अमेरिकेतील जातींपुरते उरले आणि आशियातील जातींना फिट्झिंगर याने १८४३ मध्ये योजिलेले युट्रोपिस हे नाव मिळाले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या प्राण्याच्या प्रजननक्रियेवर झालेले पूर्वीचे संशोधन पाहावयाचे असल्यास ते जुन्या नावाखालीच शोधावे लागते.

पूर्ण वाढलेल्या प्राण्याची लांबी, तुंडापासून अवस्करद्वारापर्यंत, सुमारे १२५ मिलिमीटरपर्यंत भरते. शेपटी तिच्याहून लांब असते. पाठ तपकिरी, हिरवट तपकिरी किंवा काशाच्या रंगाची, कधी एकरंगी तर कधी गडद ठिपक्यांची असते. डोळ्याच्या वरून निघून शेपटीच्या मुळाकडे जाणारी फिकट रेषा बहुधा स्पष्ट असते. पोट पांढरट वा पिवळसर असते, आणि विणीच्या काळात नराच्या कुशीवर तांबूस छटा चढते. हे वर्णन जिवंत प्राण्यास लागू पडते. मद्यार्कात काही वर्षे राहिलेल्या नमुन्यात यातील बरेचसे रंग नाहीसे होतात, म्हणून ओळखीचा भार खवल्यांवर पडतो.

पाठीवरील प्रत्येक खवल्यावर साधारणतः तीन कंगोरे असतात. जातीचे लॅटिन नावही त्यांवरूनच पडले आहे. पण काही प्राण्यांत पाच किंवा सातही कंगोरे आढळतात, आणि युट्रोपिस मॅक्युलेरिया या लहान जातीत पाच ते नऊ असतात. तेव्हा केवळ कंगोरे मोजून निर्णय देणे धोक्याचे होय. शरीराच्या मध्यभागी खवल्यांच्या ओळी मोजाव्यात: कॅरिनाटात त्या ३० ते ३४ असतात, मॅक्युलेरियात बहुधा २८ ते ३०. आकाराचा आधार येथे तोकडा पडतो, कारण कॅरिनाटाचे अर्धवट वाढलेले पिल्लू आणि मॅक्युलेरियाचा प्रौढ नर लांबीने सारखेच भरू शकतात. खवल्यांच्या ओळी मात्र वयानुसार बदलत नाहीत. खालची पापणीही भिंगाखाली पाहावी. कॅरिनाटात ती खवल्यांनी आच्छादलेली असते, तर युट्रोपिस डिसिमिलिस या उत्तरेकडील जातीत तिच्यावर पारदर्शक चकती असते. याखेरीज आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या आलापल्लीच्या जंगलातून श्मिट यांनी १९२६ मध्ये वर्णिलेली, त्या गावाचे नाव धारण करणारी जातीही विसरता कामा नये.

ही पथ्ये पाळली म्हणजे प्रसाराचे चित्र बरेच स्पष्ट होते. भारतीय द्वीपकल्पाचा बहुतेक भाग, उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, तसेच नेपाळ व बांगलादेश येथे ही जाती आढळते; वायव्येकडील रुक्ष प्रदेशात ती नाही. श्रीलंकेतील प्राणी पूर्वी याच जातीत मोडत. देरानियगल यांनी १९५३ मध्ये त्यांना उपजातीचे वेगळे नाव दिले आणि आता ते स्वतंत्र जाती मानले जातात. म्हणजे एका प्राण्याचेही स्थलांतर न होता जातीची सीमा समुद्राच्या अलीकडे सरकली.

अधिवासाच्या बाबतीत हा प्राणी फारसा चोखंदळ नाही. जंगलातील पालापाचोळा, शेताचे बांध, दगडांच्या राशी, कुंपणे, परसबागा, जुन्या घरांची जोती यांपैकी काहीही त्यास चालते. मात्र सकाळी ऊन खावयास उघडी जागा आणि चाहूल लागताच शिरावयास जवळच फट असावी लागते. तो दिनचर असून कीटक व कोळी हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. कवड्या साप आणि भारद्वाज पक्षी हे त्याचे शत्रू. माणूसही त्यांत मोडतो, कारण नावातील ‘साप’ या शब्दामुळे या पूर्णतः बिनविषारी प्राण्यास विषारी समजून मारले जाते. संकटात शेपटी तुटते ती मणक्यांच्या सांध्यात नव्हे, तर मणक्यातच असलेल्या दुर्बल रेषेवर. नव्याने वाढलेल्या शेपटीत मणके नसतात, केवळ कूर्चेचा दांडा असतो. म्हणून नमुना मोजताना शेपटीची लांबी वेगळी लिहावी व ती मूळची की पुन्हा उगवलेली, याची नोंद चिठ्ठीवर करावी.